विक्रम, उच्चांक आणि नोंद : एका जुन्या ‘इंडियन स्काउट’ मोटारसायकलीच्या सिद्धतेचा इतिहास (१९२०–१९६७)

प्रास्ताविक

वेगाच्या स्पर्धेविषयी बोलताना मराठीत आपण ‘विक्रम’ आणि ‘उच्चांक’ हे दोन शब्द जवळजवळ समानार्थी म्हणून वापरतो. वस्तुतः दोहोंचा रोख वेगळा आहे. विक्रम हा पराक्रम असतो, उच्चांक हा अंक असतो. पराक्रम लोकांच्या आठवणीत राहतो; अंक मात्र कोणीतरी मोजावा लागतो, लिहावा लागतो आणि पुढे कोणी शंका घेतली तर त्याला पुराव्यानिशी उभे राहावे लागते. न्यूझीलंडमधील बर्ट मन्रो यांनी १९२० सालच्या एका लहानशा मोटारसायकलीवर चार दशके काम करून अमेरिकेतील बोनव्हिलच्या मिठागरावर जे उच्चांक नोंदवले, त्यांचा विचार प्रस्तुत लेखात या दोन शब्दांमधील अंतर ध्यानात ठेवून केला आहे.

मन्रो यांची कथा २००५ साली प्रदर्शित झालेल्या ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ या चित्रपटामुळे जगभर पोचली. रॉजर डोनाल्डसन यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात मन्रो यांची भूमिका अँथनी हॉपकिन्स यांनी केली आहे. चित्रपट हृद्य आहे, यात वाद नाही. परंतु त्यामुळे जिद्दी म्हाताऱ्याची गोष्ट मोठी झाली आणि यंत्राच्या सिद्धतेचा इतिहास मागे पडला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. माणूस जिद्दी होता हे सांगून उच्चांकाचा उलगडा होत नाही. जिद्दी माणसे पुष्कळ असतात. यंत्रात नेमके काय बदलले, ते कोणत्या क्रमाने बदलले, आणि बदललेल्या यंत्राने काय साधले हे कोणी व कसे मोजले, हे प्रश्न इतिहासाचे आहेत.

या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी आपल्या परिसरातील एका परंपरेचे स्मरण उचित ठरेल. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्यस्थान. श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी येथे लीळाचरित्र सिद्ध केले. ज्यांनी लीळा प्रत्यक्ष पाहिली वा ऐकली, त्यांच्याकडे जाऊन ती विचारून घ्यायची, नागदेवाचार्यांकडून तिची शहानिशा करायची आणि मग ती लिहायची, अशी त्यांची पद्धत परंपरेने सांगितली आहे. पुढे मूळ प्रत हरवल्यावर स्मरणातून पुनर्लेखन झाले आणि एकाच प्रसंगाची निरनिराळी कथने पुढे आली. ती एकमेकांत मिसळून टाकण्याऐवजी अमक्याची ‘वासना’ म्हणून स्वतंत्रपणे नमूद करण्याची शिस्त महानुभाव लेखकांनी पाळली. यंत्राच्या इतिहासाला ही शिस्त लावण्यात वरकरणी विसंगती वाटेल. पण मन्रो यांच्याविषयीची सामग्री नेमकी याच प्रकारची आहे: थोडे कागद, पुष्कळ आठवणी, काही मोडके भाग आणि एकाच घटनेची तीन-चार कथने.

मूळ यंत्र

आरंभी एका गैरसमजाचे निराकरण करणे आवश्यक आहे. ‘इंडियन’ या नावाचा भारताशी काही संबंध नाही. ते नाव अमेरिकेतील मूलनिवासी लोकांवरून घेतलेले आहे. जॉर्ज हेंडी आणि ऑस्कर हेडस्ट्रॉम यांनी १९०१ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे या मोटारसायकलींची निर्मिती सुरू केली. कंपनीचे नाव १९२३ पर्यंत ‘हेंडी मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ असे होते. ‘इंडियन’ ही तिच्या मालाची खूण होती आणि त्या वर्षी तेच कंपनीचे नाव झाले. ‘स्काउट’ हे प्रारूप चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश अभियंत्याने आखले आणि ते १९२० सालापासून विक्रीस आले.

स्काउटचे इंजिन इंग्रजी व्ही अक्षरासारख्या मांडणीचे, दोन सिलिंडरांचे आणि सुमारे ६०० घन सेंटिमीटर क्षमतेचे होते. आपल्याकडील रस्त्यांवर ज्यांनी राजदूत किंवा बुलेट पाहिली आहे त्यांना हा आकडा लहान वाटणार नाही. राजदूतचे इंजिन १७५ घन सेंटिमीटरचे आणि जुन्या बुलेटचे ३५० चे असे. परंतु त्या काळच्या अमेरिकेत एक हजार घन सेंटिमीटरच्या मोटारसायकली सर्रास होत्या आणि त्यांच्या तुलनेत स्काउट ही हलकी, मध्यमवर्गाच्या आवाक्यातली गाडी होती. हाताने बदलायचे तीन गिअर आणि ताशी सुमारे ५५ मैल, म्हणजे ८९ किलोमीटर, एवढा कमाल वेग. शर्यतीसाठी ती बनवलेलीच नव्हती.

बर्ट मन्रो यांचा जन्म १८९९ सालचा. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकावरील इन्व्हरकार्गिल या गावी त्यांनी १९२० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ही गाडी विकत घेतली. तिच्या इंजिनाच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे ६२७ होते. म्हणजे ती स्काउटच्या अगदी पहिल्या काही शे गाड्यांपैकी एक होती. १९२६ च्या सुमारास त्यांनी तिच्यात फेरफार करण्यास आरंभ केला. उदरनिर्वाहासाठी मोटारसायकलींची विक्री व दुरुस्ती हा त्यांचा व्यवसाय होता. स्वतःच्या गाडीचे काम रात्री चाले. पुढे नोकरी सोडून ते आपल्या कामाच्या खोपटातच राहू लागले.

सिद्धता

वेग वाढवणे म्हणजे केवळ इंजिन मोठे करणे नव्हे, हे समजून घेण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तो अवरोध मोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मूळचा ५५ मैलांचा वेग आणि १९६७ सालचा १८३ मैलांहून अधिकचा वेग यांचे गुणोत्तर ३.३ इतके आहे. त्याचा घन केल्यास ३७ हा आकडा येतो. गाडीचा आकार तसाच ठेवून केवळ शक्तीच्या बळावर हा वेग गाठावयाचा तर मूळ इंजिनाच्या सदतीस पट शक्ती लागली असती. मन्रो यांनी अखेरपर्यंत इंजिनाची क्षमता ६०० वरून ९५० घन सेंटिमीटरपर्यंत नेली, म्हणजे दीडपटीहून थोडी अधिक. उरलेली तफावत कोठून भरून निघाली, हाच या सिद्धतेचा गाभा आहे.

पहिला भाग इंजिनाच्या श्वासोच्छ्वासाचा. मूळ स्काउटच्या झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या. ही रचना स्वस्त आणि टिकाऊ असते. परंतु मिश्रणाला आत येताना व बाहेर जाताना वळसा घ्यावा लागतो आणि ज्वलनकक्ष पसरट राहिल्यामुळे दाब फारसा वाढवता येत नाही. मन्रो यांनी झडपा सिलिंडरच्या माथ्यावर नेल्या. त्यासाठी त्यांना नवे माथे, नवे कॅम आणि कॅमवर चालणारे नवे अनुयायी भाग स्वतः घडवावे लागले. हे एकदा केल्यावर इंजिन अधिक फेरे घेऊ लागले आणि मग मूळचा प्रत्येक भाग आपापल्या मर्यादेपाशी येऊन मोडू लागला. आधी पिस्टन, मग कनेक्टिंग रॉड, मग फ्लायव्हील. एक दुरुस्ती दुसऱ्या मोडतोडीला आमंत्रण देते, हा अनुभव कोणत्याही मिस्त्रीला नवा नाही.

येथे एक आर्थिक वस्तुस्थिती लक्षात घ्यावी लागते. इंडियन कंपनीचे उत्पादन १९५३ साली बंद पडले. म्हणजे मन्रो यांच्या कार्याचा जो सर्वांत फलदायी काळ, त्या काळात त्यांच्या गाडीची जननी असलेली कंपनीच उत्पादन करीत नव्हती; आणि जरी करीत असती तरी तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या प्रारूपाचे, तेही मूळ मर्यादेच्या तिप्पट ताण सोसणारे भाग तिच्याकडे मिळाले नसते. तेव्हा भाग घरी ओतणे ही हौस नव्हती, निरुपाय होता. मन्रो जुन्या डब्यांचे साचे करून त्यांत पिस्टन ओतीत. सिलिंडर, फ्लायव्हील, कॅम आणि तेलपुरवठ्याची यंत्रणाही त्यांनी स्वतः तयार केली. कनेक्टिंग रॉडसाठी त्यांनी ट्रॅक्टरचा जुना आस घेतला आणि तो हाताने तासून रॉड काढले. ट्रॅक्टरचा आस हा पिळाचा भार सोसण्यासाठी उत्तम पोलादाचा बनवलेला असतो. भंगारातून तो निवडणाऱ्या माणसाला धातूची जाण होती, हे त्या निवडीतूनच कळते. इंजिनाकडून गिअरकडे शक्ती नेणारी मूळची दंतचक्रे काढून त्यांनी तेथे तिपदरी साखळी बसवली आणि वाढलेला जोर झेलण्यासाठी अनेक चकत्यांचा भक्कम क्लच तयार केला.

त्यांचे सूक्ष्ममापक साधन म्हणजे चाकाचा एक जुना आरा होता, ही गोष्ट आवर्जून सांगितली जाते. ती बहुधा कौतुकाने सांगितली जाते. अलीकडे अशा गोष्टींना ‘जुगाड’ म्हणण्याची आणि त्यातच धन्यता मानण्याची प्रथा पडली आहे. प्रस्तुत लेखकास हा शब्द येथे अपुरा वाटतो. जुगाडाचा हेतू आजची वेळ मारून नेणे हा असतो. मन्रो यांची रीत उलट होती. भाग मोडला की तो का मोडला हे पाहायचे, पुढचा भाग त्या ठिकाणी जाड किंवा वेगळ्या धातूचा करायचा आणि पुन्हा धावून पाहायचे. साधने ओबडधोबड असली तरी रीत प्रयोगशाळेची होती.

या रीतीचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे त्यांच्या खोपटातील एक फळी. निकामी झालेले पिस्टन, रॉड, झडपा आणि अन्य तुकडे ते फेकून देत नसत. त्या फळीवर मांडून ठेवीत. फळीवर त्यांनी ‘वेगदेवतेला अर्पण’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द लिहिले होते. डोनाल्डसन यांनी १९७१ साली मन्रो यांच्यावर जो माहितीपट केला त्याचे नावही याच शब्दांवरून घेतले आहे. विनोदाचा भाग सोडला तर ही फळी म्हणजे अपयशांचे दप्तर आहे. यशस्वी यंत्र एकच शिल्लक राहते आणि ते आपल्या आधीच्या अवस्था झाकून टाकते. मोडलेला पिस्टन मात्र आपण कोठे तडकलो, कोणत्या बाजूने वितळलो हे दाखवीत राहतो. ताम्रपट आणि शिलालेख यांना जे स्थान आपण देतो, त्याच पंक्तीत यंत्राच्या इतिहासाने अशा तुकड्यांना बसवावयास हवे.

दुसरा भाग आकाराचा. हवेचा अवरोध कमी केल्यावाचून सदतीस पटींचे गणित सुटणार नव्हते, म्हणून गाडी आणि स्वार या दोघांना झाकणारे निमुळते कवच आवश्यक झाले. मन्रो यांनी ते आधी ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून ठोकून काढले आणि पुढे फायबरग्लासचे केले. कवचाने वेग वाढला, तसेच एक नवे संकटही आले. दोनचाकी गाडीवर कवच चढवले की हवेच्या दाबाचे केंद्र आणि वजनाचे केंद्र यांचा मेळ बदलतो. दाबाचे केंद्र वजनाच्या केंद्रापुढे गेले तर बाणाच्या टोकाशी पिसे बांधल्यासारखी अवस्था होते आणि गाडी डोलू लागते. ही डुगडुग मन्रो यांना शेवटपर्यंत पूर्णपणे घालवता आली नाही. १९६७ सालच्या एका धावेत ती इतकी वाढली की वेग कमी करण्यासाठी ते कवचातून उठून बसले. वाऱ्याने त्यांचा चष्मा उडवून नेला, डोळ्यांना काही दिसेनासे झाले, गाडी आखलेल्या रेषेपासून दूर गेली आणि अखेर त्यांनी ती आडवी पाडली. खरचटण्यापलीकडे फारशी इजा झाली नाही. ते तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते.

टायरचा प्रश्न साधा दिसतो, पण तोही जिवाशी गाठ घालणारा आहे. चाक वेगाने फिरू लागले की टायरवरच्या जाड रबराचा प्रत्येक तुकडा बाहेर फेकला जाऊ पाहतो, आणि ही ओढही वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून अशा धावांसाठी टायरवरची नक्षी तासून रबराचा थर पातळ करतात. रस्त्यावर ज्याला आपण झिजलेला टायर म्हणून धोकादायक समजतो, तो मिठावर अधिक सुरक्षित ठरतो.

मिठागर

मन्रो यांची पहिली कसोटी घराजवळच्या ओरेटी किनाऱ्याच्या वाळूवर झाली. त्यांनी न्यूझीलंडमधील आपला पहिला उच्चांक १९३८ साली केला आणि पुढे आणखी सात केले; त्यांतील १९५७ सालचा किनाऱ्यावरचा उच्चांक ताशी १३१.३८ मैलांचा होता. त्यापुढे वाळू अपुरी पडू लागली. जोरात निघालेल्या गाडीला वेग घेण्यास काही मैल, मोजणीसाठी काही मैल आणि थांबण्यास आणखी काही मैल असे सपाट मैदान लागते.

अमेरिकेच्या यूटा राज्यातील बोनव्हिलचे मैदान हे एका प्राचीन सरोवराचा आटलेला तळ आहे. मिठाचा कठीण, सपाट थर हे त्याचे वैशिष्ट्य. १९३५ साली माल्कम कॅम्बेल यांनी येथेच मोटारीने ताशी ३०० मैलांची मर्यादा ओलांडली. १९४८ साली रोली फ्री हे व्हिन्सेंट मोटारसायकलीवर केवळ पोहण्याचा पोशाख घालून आडवे झोपले आणि ताशी १५० मैलांपुढे गेले. अंगावरच्या कपड्यांचा अवरोधही त्यांना नको होता. १९४९ पासून तेथे दर ऑगस्टमध्ये ‘स्पीड वीक’ भरू लागला. आपल्या अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे; खारेपणा आपल्यालाही अपरिचित नाही. पण आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. बोनव्हिलला जमीन दर हिवाळ्यात पाण्याखाली जाते आणि उन्हाळ्यात पुन्हा सपाट होऊन वर येते. वेगाचा इतिहास थोडा भूगोलाच्याही कृपेने घडतो.

मिठागराने यंत्राच्या सिद्धतेत आणखी दोन गोष्टींची भर घातली. हे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १२८० मीटर उंच आहे. तेथे हवा इन्व्हरकार्गिलपेक्षा आठव्या हिश्श्याने तरी विरळ. समुद्रकाठी जुळवलेला कार्ब्युरेटर तेथे हवेच्या मानाने अधिक इंधन देतो, म्हणून त्याची जुळवणी नव्याने करावी लागते. इंजिनाची शक्ती घटते, मात्र हवेचा अवरोधही त्याच प्रमाणात घटतो. दुसरे असे की मीठ किंचित ओलसर असते आणि मागचे चाक त्यावर निसटते. चाकाचे फेरे मोजून काढलेला वेग आणि जमिनीवरचा खरा वेग यांत फरक पडतो. म्हणूनच वेग गाडीवरच्या काट्याने मोजून चालत नाही. ठरावीक अंतराच्या दोन्ही टोकांना लावलेल्या घड्याळांनीच तो मोजावा लागतो.

मन्रो दहा वेळा बोनव्हिलला गेले. पहिल्या वेळी केवळ पाहण्यासाठी, आणि नंतर नऊ वेळा धावण्यासाठी. पॅसिफिक महासागर ओलांडून गाडी न्यायची, महिनाभर राहायचे आणि परत येऊन पुढील वर्षाची ओतकामे सुरू करायची, असा तो क्रम होता.

आकडे आणि त्यांच्या वासना

अधिकृत उच्चांक तीन. १९६२ साली ८५० घन सेंटिमीटरच्या इंजिनाने ताशी १७८.९७ मैल, म्हणजे सुमारे २८८ किलोमीटर. हा ८८३ घन सेंटिमीटरपर्यंतच्या वर्गातला. १९६६ साली ९२० घन सेंटिमीटरच्या इंजिनाने १६८.०६६ मैल, हा एक हजारच्या वर्गातला. १९६७ साली ९५० घन सेंटिमीटरच्या इंजिनाने १८३.५८६ मैल; हाही एक हजारच्या वर्गातला. वाचकाच्या सहज लक्षात येईल की मोठ्या इंजिनाचा १९६६ सालचा वेग लहान इंजिनाच्या १९६२ सालच्या वेगाहून जवळजवळ अकरा मैलांनी कमी आहे, तरी दोन्ही उच्चांकच. उच्चांक हा वर्गापुरता असतो. इंजिनाची क्षमता आणि कवचाची ठेवण यांवरून वर्ग ठरतो. म्हणून धावेनंतर इंजिन उघडून मोजले जाणे हाही नोंदीचाच भाग असतो. ‘जगातील सर्वांत वेगवान’ ही भाषा चित्रपटाच्या नावाला शोभते, नोंदवहीत तिला जागा नाही.

शिवाय उच्चांक एका धावेवर ठरत नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ठरलेल्या मुदतीत दोन विरुद्ध दिशांनी धावून सरासरी काढतात, कारण एका दिशेला वारा साहाय्य करतो. बोनव्हिलच्या स्पीड वीकमध्ये आधी पात्रता-धाव होते, गाडी पंचांच्या ताब्यात राहते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धावावे लागते. पद्धत वेगळी असली तरी दोन धावांचे तत्त्व तेच. १९६७ साली पात्रतेच्या एका धावेत मन्रो यांच्या गाडीने ताशी १९०.०७ मैल, म्हणजे जवळजवळ ३०६ किलोमीटर, इतका वेग गाठला. ही धाव मोजलेली आहे, मात्र ती उच्चांक नव्हे. त्याहून पुढे, चित्रपटातील मन्रो ताशी २०० मैलांची रेषा ओलांडतात, तेही जणू पहिल्याच वारीत. उच्चांकांच्या यादीत असा आकडा नाही. चित्रपटाने अनेक वर्षांचे प्रसंग एका प्रवासात गोळा केले आहेत. कलाकृती म्हणून ते क्षम्य आहे. म्हाइंभटांच्या रीतीने लिहावयाचे झाल्यास मात्र १८३ ही नोंद, १९० ही एकेरी धाव आणि २०० ही चित्रपटाची वासना, अशी तीन वेगळी खाती ठेवावी लागतील.

या आकड्यांच्या इतिहासातील सर्वांत उद्बोधक घटना मन्रो यांच्या मृत्यूनंतर बरीच वर्षांनी घडली. ते ६ जानेवारी १९७८ रोजी निवर्तले. १९६७ सालच्या उच्चांकाच्या सरासरीत आकडेमोडीची चूक आहे, ही गोष्ट पुढे त्यांच्या मुलाच्या लक्षात आली. त्याने ती अमेरिकन मोटरसायक्लिस्ट असोसिएशनच्या नजरेस आणली आणि संस्थेने २०१४ साली उच्चांक सुधारून ताशी १८४.०८७ मैल असा केला. फरक अर्ध्या मैलाचा. एक मैल अंतरापुरता हिशेब केला तर १९.६०९ सेकंदांऐवजी १९.५५६ सेकंद, म्हणजे सेकंदाच्या जेमतेम विसाव्या भागाचा. तो फरक इतका अल्प की मन्रो यांच्या कीर्तीत त्याने तसूभरही भर पडली नसेल. परंतु सत्तेचाळीस वर्षांनंतर एका संस्थेने आपली जुनी नोंद तपासली आणि बदलली, ती केवळ एवढ्यामुळे की मूळ धावांचे आकडे कागदावर शिल्लक होते. आकडेमोड चुकू शकते. मूळ मोजमाप जपलेले असेल तर चूक दुरुस्त होते. मोजमापच नसेल तर दुरुस्त करावयास काही उरत नाही.

सरासरी काढणे हेही वाटते तितके निर्विवाद नाही. समजा, एका धावेचा वेग १८० आणि दुसऱ्या धावेचा १९० मैल आहे. वेगांची सरासरी १८५ येते. पण दोन्ही धावांना लागलेल्या वेळेची सरासरी काढून तिच्यावरून वेग काढला तर १८४.८६ येतो. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर आहेत. नियमांत कोणता अभिप्रेत आहे हे आधी ठरलेले असले पाहिजे. लीळाचरित्राच्या पाठांची चिकित्सा करणाऱ्यास हा प्रश्न ओळखीचा वाटेल.

वऱ्हाडातील एक समांतर उदाहरण

भारतीय कारखान्याच्या मोटारसायकलीनेही पुढे या मिठागरावर नाव केले. चेन्नईच्या रॉयल एनफील्ड कंपनीच्या ६५० घन सेंटिमीटर इंजिनाच्या गाडीने २०१८ साली, अठरा वर्षांची कायला रिव्हास ही अमेरिकन स्वार असताना, आपल्या वर्गात ताशी १५७ मैलांचा उच्चांक केला. परंतु ते नव्या गाडीचे, कंपनीच्या पाठबळाने झालेले काम होते. जुने यंत्र घरच्या कसबावर जिवंत ठेवण्याचे उदाहरण शोधायचे तर ते वेगाच्या नव्हे, संथपणाच्या क्षेत्रात आणि आपल्या अगदी जवळ सापडते.

यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंद रेल्वेमार्गावर, जिला वऱ्हाडात सर्वजण ‘शकुंतला’ म्हणून ओळखतात, इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन सत्तर वर्षांहून अधिक काळ धावले. मन्रो यांच्या स्काउटहून ते अवघ्या एका वर्षाने लहान. कापूस वाहून नेण्यासाठी किलिक निक्सन कंपनीने हा मार्ग उभारला. एप्रिल १९९४ मध्ये वाफेच्या इंजिनाची जागा डिझेल इंजिनाने घेतली. सात दशके बॉयलरच्या नळ्या बदलणे, पितळी बेअरिंगे पुन्हा ओतणे, झिजलेल्या दांड्या घासून बसवणे ही कामे कोणीतरी करीत होते. जिनिंग आणि प्रेसिंगच्या कारखान्यांत वाफेची इंजिने सांभाळणारे मिस्त्रीही त्याच कुळीचे. मूळ कारखाना सातासमुद्रापार आणि त्याने ते प्रारूप केव्हाच सोडून दिलेले, ही मन्रो यांच्यापुढची अडचण त्यांच्याही पुढे होती. शकुंतलेवर जे लेखन झाले ते मुख्यतः कंपनी, करार आणि मालकी यांविषयीचे आहे. प्रवाशांच्या आठवणीही छापून आल्या आहेत. कारागिराने नेमके काय केले याची चर्चा त्यात अपवादानेच आढळते.

मन्रो यांच्या बाबतीत ही माहिती टिकण्याची कारणे योगायोगाची होती. त्यांनी मोडके भाग फेकले नाहीत. त्यांच्या धावा एका संस्थेने मोजल्या. एका तरुण चित्रपटकाराने ते जिवंत असताना, खोपटात जाऊन, त्यांना बोलते केले. अखेरीस त्यांची यंत्रे इन्व्हरकार्गिलमधील हेस कुटुंबाच्या दुकानाकडे गेली आणि जपली गेली. यांतील पहिल्या तीन गोष्टी नसत्या तर त्यांच्याविषयी आज केवळ एक सुरस आख्यायिका उरली असती.

मूर्तिजापूर आणि अचलपूर येथील शेडमध्ये १९९४ साली जे फिटर तिशीत होते त्यांनी आता साठी ओलांडली आहे. कोणता भाग सर्वाधिक वेळा मोडे, त्याच्या जागी कोणता धातू वापरला, तो कोठून आणला, माप कशाने घेतले, आणि मोडलेला भाग शेवटी कोणाच्या घरी, कोणत्या कोपऱ्यात पडून आहे, हे त्यांना आजही विचारता येते. दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही लिहून घ्यावीत, नावासकट.